पाच परस पाण्यातला पोरीचा बाप

सांगलीकडचा माणूस आन् पाण्याखाली, आसं नुसतं म्हणलं की तुमी लगेच पूर धरणार. मला म्हाईत हाय. होडी येणार, पत्र्यावर चढलेली म्हस येणार, शेवटाला डोळं पुसायचं. तर आधीच सांगतो, ह्यात पूर न्हाई. पाऊससुदीक न्हाई. दुसरं म्हंजे, पाण्याखाली फोटो काढणारा माणूस म्हणल्यावर तुमच्या डोळ्याम्होरं एक उंचापुरा गडी उभा राहिला आसंल. दंडावर गोंदण, केसाचा बुचडा, पोटावर चौकटी. त्योबी न्हाई. त्याला बसा म्हणा.

आमचं दस्तगीरमामा उंचीनं बेताचं, पोटानं सढळ. चष्मा दोरी लावून गळ्यात. अंगात बारा महिनं खिशाखिशाचं जाकीट, आन् त्या खिशात सेल, मेमरी कार्ड, अडकित्ता, खोबऱ्याचा तुकडा आन् कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता. विश्रामबागेत त्यांचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ हाय. काचेत जोड्या लावल्यात आन् त्यांच्या बरोबर मधी एक मासा. निळा, जाड ओठाचा, रागानं बघणारा. नवीन गिऱ्हाईक इचारतंय, "ह्यो कोण?"

मामा म्हणत्यात, "आमचाच क्लायंट. जरा लाजाळू हाय."

मी नकलाकार. कडेगावच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल हेडमास्तरांच्या म्होरंच केली, तिथनं माझं करिअर सुरू झालं. आता लग्नात माईक धरतो. हळदीला, संगीताला, पंगतीत लोकं कंटाळली की. म्हणून मामांची आन् माझी गाठ मांडवातच पडायची. त्यांना समदी मामाच म्हणत्यात. भटजी माईकवरनं "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" म्हणलं की पयलं दस्तगीरमामा येत्यात. नवरीच्या म्होरं, तिच्याकडं तोंड करून, कॅमेरा डोळ्याला, उलटं चालत. मागं चप्पल हाय का, पोरगं हाय का, कुत्रं हाय का, काय बघत न्हाईत. तीस वर्षं उलटं चालून त्यांच्या पाठीला डोळं फुटल्यात.

मी त्यांची नक्कल बसवली हुती. डावा डोळा गच्च मिटलेला, जिभंचं टोक ओठाच्या कोपऱ्यात, आन् बूड आसं मागं, जसं काय त्यालाच फोटो काढायचाय. मलकापुरात एका हळदीला मी ती केली आन् लोकं खुर्चीवरनं पडली. मामा पाठीमागंच हुतं. मला वाटलं आता जाकिटातला अडकित्ता निघतोय. मामा जवळ आलं, म्हणलं, "सगळं बेस हाय. पर पट्टा डाव्या खांद्यावर घे. उजव्या न्हाई. आन् बूड एवढं कमी काढू नगंस. लाजायचं न्हाई कामात."

त्या दिवसापास्नं मला ह्या माणसाचं लय कुतूहल लागलं. ज्याला स्वतःची नक्कल दुरुस्त करावी वाटती त्यो साधा न्हाई, येवढं मला कळतंय.

आता ह्यो माणूस समुद्रात शिरला कसा, ते सांगतो.

विटा-खानापूरकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी आटवायचं काम. देशात कुठंबी जावा, सराफांच्या मागल्या बोळात भट्टी पेटलेली दिसंल आन् "काय रं, जेवलास का" ऐकू येईल. तसलेच एक बबनशेठ अंदमानात जाऊन बसल्यात. त्यांनी पोरीचं लगीन तिथंच एका बेटावर काढलं आन् फोटोला सांगलीवरनं मामांना बोलावलं. म्हणलं, तिकडचं फोटोवाले नवरीचा पदर कसा घ्यायचा ते जाणत न्हाईत.

लगीन झालं. दुसऱ्या दिवशी जोडीला गुडघाभर पाण्यात उभं केलं. मामा म्हणलं, नवऱ्यानं नवरीला उचला. नवऱ्यानं उचललं. तेवढ्यात मामांच्या पायावरनं काय तरी गेलं. कुणी तरी पाण्यात बघायचा चष्मा ठेवला हुता, त्यो मामांनी डोळ्याला लावला आन् सहज वाकून तोंड पाण्यात घातलं.

वाकलं ते वाकलंच.

नवरा उचलून उभा. नवरी वर, मामांचं बूड वर, बाकी मामा खाली. लय वेळानं नवरा म्हणला, "आवं मामा, हात गेलं माझं." मामा पाण्यातनं तोंड काढून त्याच्याकडं आसं बघाय लागलं, की ह्यो कोण आन् ह्यानं ह्या बाईला का उचललंय.

तवापास्नं दर पौषात मामा अंदमानात. पौषात लग्नं नसत्यात, मांडव नसतो. बाकीचं फोटोवाले त्या महिन्यात कॅमेऱ्याची बुरशी पुसत्यात. मामांनी टाकी पाठीला लावून बुडायचा कोर्स केला, कॅमेऱ्याला पाणी न शिरणारी पेटी घेतली. बोटीतनं उडी मारायचं म्हणलं की त्यांना वकारी येती, म्हणून किनाऱ्यावरनंच पाण्यात जायचं. पाठीला टाकी, पायाला बदकासारखं लांब पंख. ते पंख घालून पुढं तोंड करून चाललं की माणूस थोबाडावर पडतो. म्हणून समद्यांना तिथं शिकवत्यात, समुद्राकडं पाठ करा आन् उलटं चाला. बाकीची माणसं धडपडत्यात, पडत्यात. आमचं मामा पयल्याच दिवशी आसं गेलं म्हणं, जसं काय म्होरं नवरी चाललीया.

तिथली शिकवणारी रोझीबाई. बारीक, काळीसावळी, आवाज कंडक्टरचा. ती म्हणली, "अंकल, पहले कहाँ सीखा?"

मामा म्हणलं, "सांगली. वरात में."

बाकीच्या वर्षात सराव कुठं करायचा? तर आमच्या कडेगावच्या मळ्यातल्या हिरीत. मामांनी ती हीर बघितली आन् इचारलं, "किती परस हाय?" त्यांचं मीटर-फीट काय न्हाई. परस म्हंजे एक माणूस उभा राहील येवढी खोली, हिरीची जुनी मोजणी. रोझीबाईलाबी त्यांनी परस शिकवलाय. ती आता गोऱ्या माणसांना सांगती, "टुडे ओन्ली फाईव्ह परस."

तर मामा हिरीत उतरत्यात. बेडूक, दिवड, हिरवं शेवाळ, उसाच्या पाचटाखाली लपलेला खेकडा, समद्यांचं फोटो. पर गावात बातमी गेली की सांगलीचा एक माणूस टाकी लावून हिरीत तास तास बसतो. दुसऱ्या रविवारी हिरीच्या काठाला माणसं गोळा. मामा वर आलं तर एक म्हातारबा इचारत्यात, "काय मोटार बसलीया व्हय?"

मामा म्हणलं, "न्हाई, बेडकाचा फोटो काढतोय."

म्हातारबांनी जरा इचार केला. "बेडकाचा काढून झाला की माझी मोटार काढा. दोन म्हयनं गाळात हाय."

आन् मामांनी काढली! दोर बांधून, गाळात चाचपून. ती काढली म्हणून शेजारच्याची काढली. मग लोकं सायकलीवर चिठ्ठी पाठवायला लागली. तवा मला मामांची खोड कळली. ह्या माणसाला 'न्हाई' म्हणता येत न्हाई, आन् दुसऱ्याचं काम हातात घेतलं की त्यो त्या दुसऱ्याच्या घरचाच होऊन जातो. मोटार निघाली तवा म्हातारबांच्या परीस मामाच जादा नाचलं.

गेल्या पौषात मामा मला म्हणलं, "चल. पाण्यात एकट्यानं जायचं नसतं, जोडी लागती. आन् तुला तोंड बंद ठिवायची सवय तरी लागंल."

मी गेलो. कोर्स केला. पयल्या दिवशी नाकात पाणी, दुसऱ्या दिवशी कानात कळ, तिसऱ्या दिवशी मी खाली जाऊन बघितलं आन् गपच झालो. मी गप! आई खोटं मानती अजून.

वर पाणी नुसतं निळं दिसतं, सपाट, चादरीगत. खाली गेलं की गाव हाय. गल्ल्या हायत्या, वळचणी हायत्या. एक हिरवा-जांभळा मासा दगड खातो, त्याचा आवाज ऐकू येतोय, कुडूम, कुडूम, चुलत्यानं पापड खाल्ल्यावाणी. मामांनी मला वर आल्यावर सांगितलं, की त्यो प्रवाळाचा दगड खातो आन् मागनं वाळू सोडतो. "आता आपण बसलोय न्हवं चहा पीत, ही पांढरी मऊ वाळू? त्यातली लय वाळू ह्येंचीच." बबनशेठचं पाव्हणं तिथंच अनवाणी बसलं हुतं. त्यांनी हळूच चपला घातल्या.

मामांना माशांची इंग्रजी नावं पाठ हुईत न्हाईत. त्यांनी समद्यांना लग्नातलं मानपान देऊन टाकलंय. त्यो दगड खाणारा, त्यो वरपिता. त्याला कायबी वाढा, त्यो चावतच असतो. वाळूतनं नुसतं डोकं वर काढून हलणारी ईल मासळी, त्या शेजारणी. जवळ गेलं की आत, लांब गेलं की परत बाहीर. आन् एक चपटा, वाळूच्या रंगाचा, दोन्ही डोळं एकाच अंगाला आलेला, त्यो व्हिडिओवाला.

मांडवात मामा समद्यांना हात लावून नीट करत्यात. हनवटी वर, पदर खाली, पाव्हण्याचं पोट आत. पाण्यात मात्र एका बोटानं कशाला शिवत न्हाईत. मी एकदा एका फांदीगत प्रवाळाला हात लावाय गेलो तर त्यांनी माझ्या मनगटावर फटकन मारलं. पाण्याखाली फटका हळू येतो, येताना दिसतो, तरीबी चुकवता येत न्हाई. वर आल्यावर म्हणलं, "दुसऱ्याच्या घरात गेल्यावर फडताळ उघडून बघतोस काय रं?"

एकदा त्यांनी जाकिटाच्या खिशातनं लाल शालूचा एक तुकडा काढला. शिंप्याकडनं मागून आणलेला. म्हणलं, चल, तुला गंमत दाखवतो. आमी खाली गेलो. एका परसाला तुकडा लाल. दोन-तीन परसाला विटकरी. पाच परसाला बघतो तर मळका, काळपट, चुलीपुढच्या फडक्यावाणी. मी डोळं फाडून बघतोय. पाणी लाल रंग आधी खाऊन टाकतं, हे मला कुणी शाळंत सांगितलंच नव्हतं. मग मामांनी बत्ती लावली. तुकडा असा पेटला, की मी तोंडातली नळी सोडतोय का काय. आन् एकट्या शालूचंच न्हाई, बत्ती फिरंल तिकडं दगडाखाली लाल, शेंदरी, केशरी, समदं लपून बसलेलं.

वर आल्यावर मामा म्हणलं, "रंग कुठं गेला नव्हता. उजेड गेला नव्हता तिथवर."

आता त्या माशाचं. मामा दर पौषात कशासाठी जात्यात, ते मला तिथं जाऊन कळलं.

जुन्या धक्क्याच्या एका खांबाखाली, पाच परसावर, एक कपार हाय. त्यात बोटायेवढं मासं ऱ्हात्यात. उभ्या रेघांचं, मोठ्या डोळ्याचं. मादी अंडी घालती आन् निघून जाती. मग बाप ती समदी अंडी तोंडात घेतो. घास भरल्यावाणी गाल फुगल्यालं. पोरं भाईर पडंस्तवर तोंडातच धरून बसतो.

मी इचारलं, "आन् खातो काय?"

"खात न्हाई."

"अजिबात?"

"तोंड भरल्यालं हाय, खाईल कुठनं? मधी मधी तोंड उघडतो, अंडी जरा उलटीपालटी करतो, वारा घातल्यागत. पापणी लवती येवढा येळ. की परत मिटलं."

मामांनी त्याचं नाव ठेवलं हुतं, पोरीचा बाप. मांडवात त्यांनी कैक पोरींचं बाप बघितल्यात. सकाळपास्नं उपाशी, कन्यादान झाल्याबिगर तोंडात काय न घालणारं, हसतंय पर गिळताना त्रास व्हतोय आसं तोंड. मामा म्हणलं, "तेच तोंड. बघ एकदा नीट."

मी बघितलं. आन् खरंच सांगतो, मला माझ्या बहिणीच्या लग्नातलं आमचं दादा दिसलं.

मामांना फोटो पायजे हुता त्यो आसा. अंडी आधी नारंगी असत्यात. दिवस भरत आलं की चंदेरी हुत्यात, आन् त्यातल्या प्रत्येक अंड्यात दोन काळं ठिपकं येत्यात. डोळं. बाप तोंड उघडतो त्या टायमाला आतनं ती समदी पोरं भाईर बघत असत्यात. त्यो एक फोटो. मी गेलो त्याच्या मागल्या पौषात मामा गेलं तवा अंडी कच्ची, त्याच्या आदल्या पौषात खांबाखाली कोणच नव्हतं.

आन् त्यात मामांचा स्वतःचा नियम. एका बुडीत फ्लॅश दोनदाच. बाप भ्याला तर अंडी थुकून देतो, न्हाई तर गिळतो. "आपल्या फोटोपायी कुणाचं लगीन मोडायचं न्हाई," आसं त्यांचं म्हणणं. मग रोज जायचं, कपारीपुढं तरंगत ऱ्हायचं, टाकीतली हवा उतरंस्तवर. एकदा फ्लॅश आधी पडला, एकदा नंतर. एकदा मधीच एक खेकडा आला आन् फोटो खेकड्याचा आला. मामा परतताना पाण्यात मान हलवायचं. पाण्यात मान हलवली की सगळा माणूस हलतो.

त्या आठवड्यात मला आणिक एक कुतूहल. तिथली चार कुत्री मामांच्या मागं मागं. सकाळी टपरीवर पुरी-भाजी आली की मामा ताट उचलायचं, म्हणायचं, "समुद्राकडं बघत खातो," आन् माडाच्या पल्याड जायचं. कुत्री बी पल्याड. मला वाटलं, मामा मायाळू, देत आसतील एखादा तुकडा. मी त्या कुत्र्यांची नक्कल बसवत हुतो, त्यात गुंग.

शेवटाला त्यो दिवस आला. परवा परतीचं इमान हुतं, आन् इमानाच्या आदल्या दिवशी बुडायचं नसतंय, आसा नियम. म्हंजे ही बुडी शेवटची. आदल्या दिवशी मामांनी बघितलं हुतं, अंडी चंदेरी झालीती. डोळं आलं हुतं. आज न्हाई तर ह्या पौषात न्हाई. मामांच्या हातात कॅमेरा, पर ते कुणाशी बोलंनात. रोझीबाईनं इचारलं, "अंकल, नाश्ता हुआ?" मामांनी व्हय म्हणून मान हलवली.

उलटं चालत आमी पाण्यात शिरलो. आन् मामा अडखळलं. तीस वर्षात न अडखळलेला माणूस! मी हसलो. मला वाटलं, गडी घाबरलाय, पोरीच्या लग्नाला घाबरल्यावाणी.

खाली गेलो. रोझीबाई जरा बाजूला, मी बत्ती धरून, मामा कपारीपुढं. पोरीचा बाप जागेवर हुता. गाल फुगल्यालं, डोळं मोठं. मामा तरंगत थांबलं.

आता, मी नकलाकार हाय. माणूस बोलला न्हाई तरी त्याचा श्वास मला ऐकू येतो. मामांचा पाण्याखालचा श्वास मला पाठ झाल्ता. एक लांब, एक आखूड, मग थांबा. बुडबुडं बी तसंच यायचं. त्या दिवशी आखूड, आखूड, आखूड. पयला फ्लॅश पडला तवा माशाचं तोंड मिटल्यालंच हुतं. मामा आसं कधी चुकत न्हाईत. मी त्यांच्याकडं बघतोय, माशाकडं बघतोय. तेवढ्यात बापानं तोंड उघडलं.

आई शप्पत, मी बघितलं. चांदीचं इवलं इवलं मणी गच्च भरल्यालं, आन् त्यातनं ठिपक्या ठिपक्यांनी समदं आमच्याकडं बघतंय.

दुसरा फ्लॅश पडला.

आन् मामांच्या हातनं कॅमेरा सुटला. मनगटाला दोरी हुती म्हणून लोंबत राहिला. मामांचं पाय खाली जाया लागलं, प्रवाळाच्या दिशेनं. जो माणूस एका बोटानं कशाला शिवला न्हाई, त्याचा पंख फांदीला घासला आन् त्यानं बघितलंबी न्हाई. मी रोझीबाईकडं तळहात आडवा धरून हलवला, कायतरी बिनसलंय म्हणून. तिनं एका दमात येऊन मामांची काखोटी धरली. तोंडातली नळी निसटू नये म्हणून हातानं धरली, डोळ्यात डोळं घातलं आन् हळूहळू उतारानं वर, काठाकडं आणलं. घाई केली न्हाई. मला घाई लय झाल्ती.

गुडघाभर पाण्यात मामा बसलं ते उठंनात. लाटा येऊन टकलावरनं जायाच्या. आमी टाकी काढली, माडाखाली आणून झोपवलं. तोंड पांढरंफटक, हात थंडगार. रोझीबाई इचारती, "सुबह क्या खाया?"

"पुरी."

"कितनी?"

मामांनी तोंड समुद्राकडं फिरवलं.

टपरीवाला लांबनं वराडला, "पुरी तो कुत्ता खाया! रोज कुत्ता खाता है!"

मग आमी शहाळ्याचं पाणी पाजलं, साखर चाटवली. रंग परत आला, शालूवर बत्ती धरल्यागत न्हाई, पर आला. रोझीबाईनं इचारलं, क्यूँ. मामा माझ्याकडं बघून मराठीत बोललं, म्हणलं तूच सांग तिला. "लग्नात नवरा-नवरीचा घास झाल्याबिगर मी कवा जेवलो न्हाई. ज्याच्या घरचा फोटो काढायचा, त्यो जेवंस्तवर आपण जेवायचं न्हाई. आता ह्यो बाप तोंडात पोरं घिऊन उपाशी बसलाय आन् मी त्याच्या दारात पुऱ्या हाणून जायाचं? बरं दिसतंय व्हय? रात्री खात हुतो थोडं. रोज्याची सवय हाय मला."

मी ते हिंदीत सांगितलं. मामांच्याच आवाजात सांगितलं. पयल्यांदा माझ्या नकलंला कोण हसलं न्हाई. रोझीबाई म्हणली, रोज्यात माणूस पाच परस खाली जात न्हाई. आन् म्हणली, पुढल्या वर्षी आलात तर नाश्ता माझ्या म्होरं, न्हाई तर पाणी बंद.

मग मामा उठून बसलं. कॅमेरा मागितला. पेटी पुसली, पडदा लावला. मी खांद्यावरनं बघत हुतो. पयला फोटो, तोंड मिटल्यालं. दुसरा फोटो.

तोंड उघडं. बरोब्बर उघडं. आत चांदी. पर समदं हालल्यालं. ठिपकं ओढून रेघा झाल्यात्या. डोळं हायती का न्हाईती, माहीत असल्याबिगर कळणार न्हाई.

मामांनी लय वेळ बघितलं. मग नुसतं म्हणलं, "हात हालला." मांडवात माणसांच्या धक्क्यात, ढकलाढकलीत, नाचणाऱ्या पोरांच्या मधी कवा न हाललेला हात. उपासानं हालला. ज्याच्यासाठी उपास केला, त्याच्यातच.

मी दोघांचं पंख उचलून धुवाय नेलं.

रोझीबाईकडं घरच्यांचा म्हणून जो नंबर हुता त्यो मामांच्या लेकीचा. रुबीनाआपाचा. ती मलकापुरात दिलेली, औषधाचं दुकान चालवती. रोझीबाईनं तिला समदं सांगितलं हुतं. मामांच्या म्होरं भाताचं ताट आलं आन् माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. त्यांच्या घरची बोली दख्खनी, पर आपा चिडली की मराठीत येती. म्हणती, मराठीत राग नीट बसतो.

"अब्बा. फोन तोंडाम्होरं धरा. मला टक्कल दिसतंय."

मामांनी फोन खाली घेतला.

"आता पोट दिसतंय. जन्मभर लोकांचं फोटो काढलं न्हवं तुमी? द्या त्या पोराकडं."

मी फोन धरला.

"किती दिस उपाशी?"

"बेटा, त्यो मासा पोरीचा बाप..."

"आन् तुमी माझं कोण? फोटोग्राफर?"

मामा ताटाकडं बघाय लागलं.

"माझ्या लग्नात व्याह्यांच्या पंगतीत बसून दोनदा बिर्याणी मागून घेतलीसा. मी जाळीतनं बघत हुते. तवा कुणाचा उपास आठवला न्हाई? माशाच्या पोरी जादा लाडक्या काय? आन् त्या अल्बमात तुमी हायसा का कुठं? हायसा का? माझी सासू पाव्हण्यांना अल्बम दाखवती, ती इचारत्यात, पोरीचा बाप वारलाय व्हय? काय सांगू मी त्यास्नी? जित्ता हाय, पर कॅमेऱ्याच्या मागं हाय? आन् आज त्यो कॅमेरा तेवढा वर आला आसता म्हंजे? बोला की! ...जेवा आधी. मोठा घास घ्या. आणि मोठा. तोंड उघडा."

"आगं..."

"उघडा म्हणते न्हवं! गिळलं का बघू दे."

मामांनी फोनकडं तोंड करून ते उघडलं. गाल फुगल्यालं, डोळं मोठं.

"हाय अजून आत. गिळा. दुसरा घ्या. आन् तू रं नकलाकारा! रोज ताट घिऊन माणूस माडाआड जातोय आन् तू काय कुत्र्यांचं वळण शिकत हुतास? माणसांची नक्कल करतोस, मग माणूस बघत न्हाईस? फोन नीट धर. हलवू नगंस, मला काय दिसंना झालंय."

म्या म्हणलं, "आपा, मी हलवत न्हाई. दोन्ही हातानं धरलाय."

"खोटं बोलू नगंस! मग मला नीट का दिसंना? धर नीट, मेल्या!"